गावाची बातमी कोण लिहिणार?

अमळनेरात साने गुरुजींचं नाव निघालं की प्रताप हायस्कूल, वसतिगृह, मुलांवरची माया, नंतरचा तुरुंगवास हे सगळं ओघाने येतं. एक गोष्ट मात्र मागे राहते. गुरुजींच्या पत्रकारितेची सुरुवात याच गावात झाली, आणि ती कुठल्या छापखान्यात झाली नाही. १९२४ साली ते खान्देश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक झाले. पुढे वसतिगृहाची जबाबदारी अंगावर आली आणि मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक सुरू केलं. हस्तलिखित दैनिक. दिवसभर शिकवायचं, मुलांचं हवं-नको बघायचं आणि वर रोजचा मजकूर स्वतःच्या हाताने लिहून काढायचा. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढलं. १९३० मध्ये शाळा सोडून ते कायदेभंगात उतरले आणि १९३८ मध्ये अमळनेरहूनच ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक सुरू केलं. स्वातंत्र्यानंतर मुंबईत निघालेली ‘साधना’ सगळ्यांना ठाऊक आहे. मला मात्र त्या पहिल्या दैनिकाचं अप्रूप जास्त वाटतं. एका वसतिगृहाला, तिथे शिकायला आलेल्या पोरांना, त्यांचं स्वतःचं रोजचं वर्तमानपत्र असावं असं एका मास्तरांच्या मनात आलं. जिथे राहतो तिथलं काही लिहिण्या-वाचण्याजोगं असतं, हे त्या मुलांना कोवळ्या वयात कळलं असणार.

आज अमळनेरची बातमी कुठे येते? जळगाव आवृत्तीच्या आतल्या पानावर. त्या पानात शेजारचे तालुके वाटेकरी असतात. निवड, सत्कार, वाढदिवस, रास्ता रोको, अपघात, आणि जागा उरली तर गावाचा एखादा प्रश्न. तालुक्याच्या वार्ताहराला मी दोष देत नाही. बहुतेकांना पगार नसतो, मानधन मिळालं तर तुटपुंजं असतं आणि घर चालतं ते जाहिरातींच्या कमिशनवर. दिवाळी पुरवणीचं टार्गेट पुरं करायचं तर ज्यांच्या दारात जाहिरात मागायला उभं राहायचं, त्यांनाच ठेक्याच्या रकमेबद्दल विचारायचं कसं? माणूस धीराचा असला तरी या व्यवस्थेत त्याचे हात बांधलेले राहतात. २०२४च्या फेब्रुवारीत प्रताप महाविद्यालयाच्या आवारात साहित्य संमेलन भरलं, १९५२ नंतर पहिल्यांदा. तेव्हा सगळ्या राज्याचे कॅमेरे गावात होते. मांडव उतरला तसे तेही गेले, आणि आम्ही परत आतल्या पानावर आलो.

हे गाव शिक्षणावर मोठं झालं. श्रीमंत प्रताप शेठजींच्या आश्रयाने १९१६ मध्ये इथे तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं आणि तत्त्वज्ञान शिकायला देशभरातून माणसं या खान्देशी गावात येऊ लागली. गुरुजीही पहिल्यांदा आले ते तिथेच. १९४५ मध्ये प्रताप कॉलेज निघालं. त्याच वर्षी इथे वनस्पती तुपाची जी कंपनी सुरू झाली तिचीच पुढे विप्रो झाली, हे आता शाळेतलं पोरही सांगतं. गावाला मोठं करणारी माणसं बरीचशी बाहेरून आलेली होती. पण आज बाहेरून शिकायला आलेल्या मुलामुलींना आपण गावात धरतच नाही.

त्यांच्यात दोन तऱ्हा आहेत. पारोळा, चोपडा, धरणगाव, शिंदखेड्याकडून एसटीने किंवा सुरत-भुसावळ लाइनच्या गाडीने पासवर येणारी, आणि रूम करून राहणारी. पासवाल्यांचा जीव स्टँडवरच्या शेवटच्या गाडीत अडकलेला असतो. रूमवाले मात्र तीन-तीन, पाच-पाच वर्षं इथेच राहतात. दूध इथलं, मेस इथली, दवाखाना इथला. त्यांच्या भाड्यावर कॉलन्यांमधले वरचे मजले चढले. तरी त्यांची ओळख एकच, ‘रूमवरची पोरं’.

मागच्या महिन्यात कॉलेजमागच्या एका कॉलनीत अशाच एका रूमवर जाणं झालं. चोपडा तालुक्यातल्या तीन मुली राहतात. जिन्यात पाण्याचे दोन जार, दाराशी सायकल, खिडकीत वाळत घातलेली वह्यांची भिजलेली पानं. भिंतीवर कालनिर्णय होतं आणि त्यातल्या काही तारखांना निळ्या पेनाने गोल केलेले. मला वाटलं परीक्षेच्या तारखा असतील. “नळाचे दिवस आहेत, सर,” त्यांतली एक म्हणाली. गोलाशेजारी बारीक अक्षरात वेळ लिहिली होती. कुठे पहाटेची, कुठे दुपारची, एके ठिकाणी ‘धार बारीक’ एवढंच. खान्देशात नळाला रोज पाणी येत नाही, यात कुणाला नवल नाही. पण मागच्या वर्षाचं कालनिर्णयही तिने फेकलं नव्हतं. ते त्याच खिळ्याला मागे अडकवलेलं होतं. “घरमालकीणबाईंशी वाद झाला की दाखवायला लागतं,” ती म्हणाली. मी दोन्ही वर्षांची पानं उलटून पाहिली. त्या गल्लीच्या पाण्याची अशी तारीखवार नोंद कुठल्याही वर्तमानपत्राने छापलेली नाही. उन्हाळ्यात अंतर किती वाढतं, पावसाळ्यात किती कमी होतं, सणाच्या आसपास काय होतं, सगळं त्या दोन कॅलेंडरांत आहे. तापीवरचं पाडळसरे धरण नव्वदच्या दशकात मंजूर झालं, त्याचा खर्च कितीतरी पटींनी वाढला आणि ते अजून पुरं व्हायचंय, हे आपण भाषणांत ऐकतो. त्या न झालेल्या धरणाची झळ एका खोलीत कशी पोचते ते या गोलांत दिसतं.

मी तिला विचारलं, मतदार यादीत नाव कुठे? गावाकडे. आणि इथे? “इथे कसं असेल, आम्ही इथले थोडेच!” तिन्ही मुलींना हे ठाऊक नव्हतं की वसतिगृहात किंवा खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्याला नाव कुठे ठेवायचं ते निवडता येतं, गावी किंवा शिकतो तिथे, फक्त एकाच ठिकाणी. नमुना ६ भरायचा आणि राहण्याचा पुरावा द्यायचा. अठरा पूर्ण होण्यासाठी आता वर्षात चार तारखा धरल्या जातात, त्यामुळे जानेवारीची वाट बघत बसावं लागत नाही. राज्यातल्या नगरपालिकांवर वर्षानुवर्षं प्रशासक होते. २०२५च्या डिसेंबरात एकदाच्या निवडणुका झाल्या. त्यात या मुलींनी गल्लीतून फिरणारी प्रचाराची रिक्षा तेवढी ऐकली.

आणखी एक गोष्ट मला सलते. ही मुलगी गावी असती तर तिला ग्रामसभा होती. सरपंचासमोर उभं राहून पाण्याचं विचारता आलं असतं. शिकण्यासाठी ती तालुक्याला आली आणि तो हक्क मागे राहिला. प्रभाग समित्या घटनेने तीन लाख आणि त्यावरच्या लोकसंख्येच्या शहरांना बंधनकारक केल्या. आपण लाखाच्या आसपासचं गाव. मग उरते नगरपालिकेची सर्वसाधारण सभा. खास कारण नसेल तर कायद्याने ती लोकांना खुली असते, हे किती जणांना माहीत आहे? विषयपत्रिका निघते, ठराव होतात, इतिवृत्त लिहिलं जातं, फेब्रुवारीत अंदाजपत्रक येतं. मागच्या बाकावर वही घेऊन बसणारं कुणी हवं.

ते कुणी आपल्याकडे आहे, हजारोंनी आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या मुलांना फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागाचे क्रेडिट दिले. ते मिळवायला मुलं प्रश्नावल्या भरतात, झाडं लावतात, फोटो काढतात आणि स्पायरल बाइंडिंग करून अहवाल जमा करतात. एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर दत्तक गावात होतं. ते चांगलंच आहे, त्या शिबिरांतून घडलेले कार्यकर्ते मी पाहिलेत. पण ज्या गल्लीत पोरगी तीन वर्षं राहते ती गल्लीच तिचं फील्ड का नसावी? पालिकेच्या सभेला बसून लिहिलेला वृत्तांत, एका प्रभागाच्या घंटागाडीची महिनाभराची नोंद, अंदाजपत्रकातल्या एका कामाचा जागेवर जाऊन घेतलेला शोध, याला दोन क्रेडिट द्यायला काय हरकत आहे? मराठी आणि राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी मनावर घेतलं तर याच सत्रात सुरू होईल. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर मागता येतं, एवढं वर्गात एकदा करून दाखवलं तरी पुरे. मुलं पुढे कशी जातात ते बघा. भीती वाटेल, फोन येतील, कुणी घरमालकालाही सांगेल. म्हणून एकट्या मुलाला पुढे करू नये. मजकुरावर नाव वर्गाचं असावं आणि मागे प्राध्यापक उभे असावेत.

माझ्याकडून जे होईल ते मी सांगतो. महिन्यातून एका आठवड्याची या सदराची जागा मी मुलांसाठी सोडतो. तीनशे शब्द, अहिराणीत लिहिलं तरी चालेल. त्यात प्रभाग असावा, तारीख असावी, स्वतः पाहिलेलं असावं आणि ज्याच्याविषयी लिहिलं त्याला विचारून त्याचं म्हणणंही असावं. पहिला मजकूर त्या दोन कालनिर्णयांवरून करायचं तिघींनी कबूल केलंय. पाणीपुरवठा विभागात जाऊन त्यांचं म्हणणं घेणं तेवढं बाकी आहे, आणि त्यासाठी त्या सोमवारी जाणार आहेत.