बिनविरोधाची चटक

१९ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्लीत काँग्रेसच्या अध्यक्षपदाची मतमोजणी झाली. मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ मते, शशी थरूर यांना १,०७२, आणि ४१६ मते बाद. निकालानंतर जो तो शहाणा झाला. थरूर २००९ साली पक्षात आलेले, संयुक्त राष्ट्रसंघाच्या नोकरीनंतर खासदारकीवर उतरलेले, इंग्रजाळलेले. ते आपटणारच होते, असे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होते म्हणे. खर्गे १९६९ पासून पक्षात आणि १९७२ साली आमदार होऊन पायरीपायरीने वर आलेले. त्यांच्या लायकीबद्दल माझी तक्रार नाही, विजयाबद्दलही नाही. तक्रार आहे ती त्या दिवसांत चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकू आलेल्या एका प्रश्नाबद्दल: ‘पण थरूरना उभं राहायची गरजच काय होती?’

गरज काय होती! शतकापेक्षा जुन्या पक्षाच्या अध्यक्षाची निवड दोघांतून व्हावी, याचेसुद्धा आपल्याला कारण लागते. एकच अर्ज आला असता तर कोणीही प्रश्न विचारला नसता. बाहेरून आलेला माणूस प्रस्थापित पक्ष बदलू शकेल का, याचे उत्तर शोधताना आपण नेत्यांच्या कारस्थानांकडे बोट दाखवतो. उत्तर मात्र ‘गरजच काय होती’ या प्रश्नातच आहे. बाहेरच्याला पाडणारी पहिली शक्ती म्हणजे बिनविरोधाची चटक लागलेला आपला समाज.

ती निवडणूक जरा जवळून पाहू. मतपत्रिकेवर खर्गे यांचे नाव पहिले होते, थरूर यांचे दुसरे. पसंतीच्या नावापुढे ‘१’ हा आकडा लिहावा, असे आधी ठरले होते. म्हणजे ज्याला थरूर हवे त्याने दोन नंबरच्या नावापुढे एक लिहायचे! थरूर यांनी हरकत घेतली, तेव्हा कुठे बरोबरची खूण करायची असे ठरले. मतदारांची यादी हाती आली ती अपुरी, अनेकांचे फोन नंबरच नाहीत, अशी त्यांची जाहीर तक्रार होती. खर्गे आले की प्रदेश कार्यालयात सगळे पदाधिकारी हजर आणि आपण गेलो की कोणी भेटत नाही, हेही त्यांनी बोलून दाखवले. गांधी कुटुंबाने आपण तटस्थ असल्याचे सांगितले होते. पण हुकूम यायच्या आधीच तो पाळायची सवय ज्यांच्या अंगी मुरली आहे, त्यांना हुकमाची वाट पाहावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट. कोणत्या राज्यातून कोणाला किती मते पडली हे कळू नये, म्हणून सगळ्या राज्यांच्या मतपत्रिका दिल्लीत आणून एकत्र मिसळल्या आणि मगच मोजल्या. व्यवस्था योग्यच होती. पण तिची गरज पडावी, यातच कबुली आली. आपल्याच पक्षात, आपल्याच अध्यक्षासाठी दिलेले मत उघड झाले तर आपले काही खरे नाही, असे कार्यकर्त्याला वाटते. अशी हमी मिळूनही शंभरात जेमतेम अकरा जणांचा हात दुसऱ्या नावाकडे वळला.

हे मतदार तरी आले कुठून? ब्लॉकात मतपेटी ठेवून, माणसे मोजून प्रतिनिधी निवडले, असे काँग्रेसचा कट्टर कार्यकर्ताही छातीठोकपणे सांगणार नाही. यादी वर ठरते, नावे खाली कळतात. त्याच सप्टेंबरात महाराष्ट्रासह अनेक प्रदेश समित्यांनी ठराव केला की प्रदेशाध्यक्ष आणि अखिल भारतीय समितीचे सदस्य नेमण्याचा अधिकार राष्ट्रीय अध्यक्षांना द्यावा. अशा सभा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. सूचक उठतो, अनुमोदक उठतो, व्यासपीठावरून ‘मंजूर, मंजूर’ होते, टाळ्या पडतात आणि माणसे जेवायला जातात. हा हक्क त्यांच्याकडून कोणी हिसकावला नव्हता. त्यांनी तो टाळ्या वाजवून परत केला.

ऑगस्ट २०२० मध्ये काँग्रेसच्या २३ नेत्यांनी पत्र लिहून पूर्णवेळ नेतृत्व आणि पक्षांतर्गत निवडणुका मागितल्या होत्या. त्यांत थरूर होते, तसेच आपले पृथ्वीराज चव्हाण आणि मुकुल वासनिकही होते. निवडणूक प्रत्यक्ष आली तेव्हा चव्हाण, वासनिक, आनंद शर्मा, मनीष तिवारी यांच्या सह्या खर्गे यांच्या अर्जावर होत्या. तो त्यांचा हक्क आहे, त्यांची कारणेही असतील. पण एवढे दिसले की सुधारणा मागायला तेवीस जण पुढे येतात आणि सुधारणेसाठी उभे राहायची वेळ आली की एकटाच उरतो.

हे आजचे नाही. २००० साली जितेंद्र प्रसाद सोनिया गांधींविरुद्ध उभे राहिले. त्यांना मते पडली ९४, समोर ७,४४८. बरे, जिंकून तरी काय होते? १९३९ साली सुभाषबाबू गांधीजींच्या पसंतीच्या पट्टाभी सीतारामय्या यांना हरवून पुन्हा अध्यक्ष झाले. पुढे कार्यसमितीच्या बहुतेक सदस्यांनी राजीनामे दिले, त्रिपुरीच्या अधिवेशनात गांधीजींच्या इच्छेनुसारच नवी समिती नेमावी असा ठराव मंजूर झाला आणि एप्रिल संपायच्या आत सुभाषबाबूंना पद सोडावे लागले. खुर्ची मिळाली म्हणजे पक्ष मिळाला असे होत नाही. तालुक्यातालुक्यात आपली माणसे नसतील, तर अध्यक्ष हा पाहुणाच.

१९९७ची निवडणूक मराठी माणसाच्या जिव्हारी लागलेली. सीताराम केसरी ६,२२४, शरद पवार ८८२, राजेश पायलट ३५४. ‘दिल्लीने पुन्हा मराठी माणसाला डावलले’ म्हणून आपण हळहळलो. दोन वर्षांनी पवारांनी स्वतःचा पक्ष काढला. जो स्वतः लढून हरला होता, त्याच्या पक्षात तरी लढत व्हावी की नाही? अध्यक्षपदासाठी खरी लढत त्या पक्षाने कधी पाहिली नाही. २ मे २०२३ रोजी मुंबईच्या यशवंतराव चव्हाण सेंटरमध्ये पवारांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले, तेव्हा सभागृहातले दृश्य आठवा. पिकल्या केसांचे आमदार, माजी मंत्री रडत होते, ‘साहेब, निर्णय मागे घ्या’ म्हणत होते. ‘मी अर्ज भरतो’ असे म्हणणारा त्या सभागृहात एकही निघाला नाही. तीन दिवसांत पक्षाच्या समितीने राजीनामा एकमताने नामंजूर केला आणि दोन महिन्यांत पक्ष फुटला. जिथे मतभेदाला मतपेटी मिळत नाही, तिथे तो मध्यरात्रीच्या बैठकांतून आणि पहाटेच्या शपथविधींतून बाहेर पडतो.

भाजपवाल्यांनी यावर हसायचे कारण नाही. १९८० पासून त्यांच्या राष्ट्रीय अध्यक्षपदासाठी मतदानाची वेळच आलेली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेनेच्या वादाचा निकाल देताना निवडणूक आयोगाने त्या पक्षाच्या २०१८च्या घटनेवर लोकशाहीला धरून नसल्याचे ताशेरे ओढले. महाराष्ट्रभर चर्चा झाली ती धनुष्यबाण कोणाला मिळाला याचीच. कायद्याकडे पाहावे तर पक्षांची नोंदणी करणारे कलम २९अ १९८९ पासून लागू आहे, पण पक्षात खरोखर निवडणूक झाली की नाही हे तपासून पाहण्याची सोय त्यात नाही. विधी आयोगाने १९९९च्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने बंधनकारक करा असे सुचवले होते. त्यासाठी एकही मोर्चा निघाल्याचे मला आठवत नाही.

निघेल तरी कसा? आपल्या गावात काय चालते ते पाहा. ‘बिनविरोध’ म्हटले की आपण हार घालतो, गुलाल उधळतो. डिसेंबर २०२० मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात सरपंचपदासाठी बोली लागली आणि ती दोन कोटींच्या पुढे गेली. नंदुरबारमधल्या खोंडामळीतही असाच लिलाव झाला. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांतल्या निवडणुका रद्द केल्या. पैसा देवळासाठी होता, मग बिघडले काय, असे म्हणणारेही निघाले! साहित्यिकांनी तरी वेगळे काय केले? मतदानात हेवेदावे होतात म्हणून संमेलनाध्यक्षाची निवडणूकच बंद केली आणि २०१९च्या यवतमाळ संमेलनापासून अध्यक्ष साहित्य महामंडळ ठरवू लागले. हेवेदावे वाईट खरेच. पण निवडणूक घाण झाली तर ती साफ करायची सोडून आपण ती मोडून टाकतो आणि त्यालाच सुसंस्कृतपणा म्हणतो.

दार उघडते तेव्हा काय होते, याचे एक उदाहरण ब्रिटनचे. मजूर पक्षाने २०१४ साली नियम बदलून साध्या सभासदाच्या मताला खासदाराच्या मताइतकेच वजन दिले. पुढच्याच वर्षी तीस-बत्तीस वर्षे मागच्या बाकावर बसलेले जेरेमी कॉर्बिन ५९.५ टक्के मते घेऊन नेते झाले. २०१६ साली स्वतःच्याच खासदारांनी १७२ विरुद्ध ४० मतांनी अविश्वास दाखवला, तरी सभासदांनी त्यांना पुन्हा निवडले. २०१९च्या पराभवानंतर तेही गेले आणि पुढे पक्षाबाहेर पडले. म्हणजे तिथेही यंत्रणा चिवटच. पण तिथे सामना तरी झाला, कारण मत सभासदाच्या हाती होते आणि ते त्याने परत केले नव्हते.

तेव्हा बाहेरच्या उमेदवाराला संधी किती, असे मला विचाराल तर उत्तर सरळ आहे: एका निवडणुकीत जवळपास शून्य. ती वाढायची असेल तर प्रतिनिधी खालून मतदानाने यायला हवेत, मतदारयादी वेळेवर सगळ्या उमेदवारांना मिळायला हवी, आणि हरलेल्याला गद्दार न ठरवता पुन्हा उभे राहू द्यायला हवे. पहिल्या दोन गोष्टी कायदा करू शकेल. तिसरी आपल्यालाच करावी लागेल. तिची सुरुवात पतसंस्थेत, शाळेच्या मंडळात, गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेत होते. तिथे दुसरा अर्ज भरा. भरता येत नसेल तर भरणाऱ्याचे अनुमोदक व्हा आणि सही सगळ्यांदेखत करा. स्वतःच्या सोसायटीच्या सेक्रेटरीविरुद्ध उभे राहायला जो समाज कचरतो, त्याला १,०७२ मतांवर हसण्याचा अधिकार नाही.