यादीतला विषय, वर्गातला विषय

बारावीचा निकाल लागला की पेढ्यांच्या पाठोपाठ घरोघरी एकच चर्चा सुरू होते, विषय कोणते घ्यायचे? गेल्या वर्षी शेजारच्या मुलीसोबत मी बी. ए.च्या प्रवेशासाठी गेले होते. तिची आई धारवाडकडची, वडील बेळगावचे. अम्माशी कन्नड आणि आज्जीशी मराठी बोलणारी ही पोर. तिला मराठी हा ऐच्छिक विषय घ्यायचा होता. विद्यापीठाच्या यादीत मराठी होते, कॉलेजच्या माहितीपुस्तकातही छापलेले होते. खिडकीवरचे कारकून मात्र शांतपणे म्हणाले, "ई वर्ष मराठी इल्ल री, हुडुगरे इल्ल." मुलेच नाहीत, म्हणून विषय नाही!

छापलेला विषय असा नाहीसा कसा होतो? तेव्हापासून मी चौकशी करत गेले. जे समजले ते सांगते.

आपल्या भागातील कॉलेजांचे विषय पूर्वी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात ठरत. 2010 मध्ये बेळगावला राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले आणि ते काम इथे आले. कोणत्याही विषयाची सुरुवात अभ्यास मंडळात होते. कन्नडमध्ये त्याला 'अध्ययन मंडळी' म्हणतात. त्या विषयाचे प्राध्यापक एकत्र बसून पेपर किती, पुस्तके कोणती, गुण कसे, याचा मसुदा करतात. तो विद्याशाखेकडून विद्या परिषदेपुढे जातो. तिथे मंजुरी मिळाली की विषय विद्यापीठाच्या यादीत येतो आणि प्रत्येक पेपरला सांकेतिक क्रमांक मिळतो.

पण ही झाली पहिली यादी. दुसरी यादी कॉलेजची. विद्यापीठात विषय आहे म्हणून प्रत्येक कॉलेजला तो शिकवता येत नाही. कॉलेजला त्या विषयासाठी संलग्नता घ्यावी लागते. विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती येऊन शिक्षक, वर्गखोल्या, ग्रंथालय पाहते आणि अहवाल देते. तिसरी यादी त्या वर्षीच्या वेळापत्रकाची, आणि खरी मेख इथेच आहे. मुले कमी आली की तासांचा कार्यभार घटतो. प्राध्यापक निवृत्त झाले की जागा रिकामी राहते, नाहीतर अतिथी व्याख्यात्यांवर भागवले जाते. मग पहिल्या दोन याद्यांत असलेला विषय तिसरीतून गळतो. कुणी बंद केल्याचा ठराव करत नाही, तरी विषय बंद पडतो.

वरची धोरणे बदलतात तेव्हा या याद्याही बदलतात. 2021 मध्ये कर्नाटकाने नव्या राष्ट्रीय धोरणाप्रमाणे पदवीची रचना बदलली आणि कन्नड सर्वांना सक्तीची केली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. ज्यांना नको त्यांच्यावर सक्ती करू नये, असा अंतरिम आदेश डिसेंबर 2021 मध्ये आला. पुढे मे 2024 मध्ये राज्य सरकारने चार वर्षांची रचना सोडून पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. प्रत्येक वेळी अभ्यास मंडळे नव्याने बसली, पेपर बदलले. म्हणून थोरल्या भावाची यादी धाकट्या बहिणीला चालेलच असे नाही.

तेव्हा पालकहो, पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. विषयाला या कॉलेजची संलग्नता आहे का? यंदा वर्ग भरणार का? शिकवणार कोण? उत्तर प्राचार्यांकडून घ्या, जमल्यास लेखी. आणि नोंदणी झाल्यावर भाषा व विषयांचे क्रमांक छापील प्रतीवर ताडून पाहा. चूक तेव्हाच सुधारणे सोपे, गुणपत्रिकेवर चढली की हेलपाटे.

शेजारच्या मुलीला दुसऱ्या कॉलेजात मराठी मिळाले. रोज दोन बस बदलून जाते, पण खूश आहे. तिच्या वर्गात सात जणी आहेत. कन्नड घरातल्याही दोघी आहेत, याचे मला विशेष वाटते.

आपल्याकडे भाषेसाठी सभा होतात, मोर्चे निघतात. पण प्रवेशाच्या खिडकीवर मोजली जातात ती अर्जांवरची नावे. घरात कुणी यंदा पदवीला जाणार असेल आणि तिला मराठीची ओढ असेल, तर 'त्यात काय भविष्य?' असे चटकन म्हणू नका. दोन-तीन मैत्रिणींना सोबत घेऊन अर्ज भरायला सांगा. आठवे नाव आले तर त्या सात जणींचा वर्गही टिकेल.