पेशंट बरा झालाय, कागद अडकलाय!

सरकारी दवाखान्यात जमिनीवर गादी टाकून पेशंट झोपलेला दिसला की आपण सगळे एकच ओरडतो: खाटा वाढवा! २०२३ मध्ये कळव्यात एका दिवसात १८ आणि नांदेडला २४ तासांत २४ रुग्ण दगावले, तेव्हाही हीच ओरड झाली. खाटा वाढायलाच हव्यात, डॉक्टर-सिस्टरच्या जागा भरायलाच हव्यात. पण आहेत त्या खाटा कुठे अडकतात, हे कोणी विचारतं का?

सकाळी मोठे डॉक्टर राऊंडला येतात. "हे बरे आहेत, सोडा घरी." मग सुरू होतो खेळ. कार्ड लिहिणारा शिकाऊ डॉक्टर एक, वॉर्डात पेशंट साठ. रिपोर्ट लॅबमध्ये, सहीवाल्या मॅडम ओपीडीत, योजनेचा कागद खालच्या खिडकीवर. संध्याकाळ होते, गावाची शेवटची एसटी निघून जाते. म्हणजे आणखी एक रात्र त्याच खाटेवर! आणि न्यूमोनियाची म्हातारी तशीच जमिनीवर.

साधा हिशोब करा. समजा रोज ८० जण घरी जातात आणि प्रत्येकाचे ६ तास कागदात जातात. झाले ४८० तास, म्हणजे २० खाटा दिवसभर अडकलेल्या. एक वीट न लावता २० खाटा मिळतील!

करायचं काय? उद्या कोण जाणार हे आदल्या संध्याकाळी ठरवा, नातेवाइकांना सांगा, कार्ड तेव्हाच लिहून ठेवा. सकाळी फक्त तपासणी आणि सही. गोळ्या वॉर्डातच हातात द्या. दुपारी १२ च्या आत माणूस बाहेर. "स्टाफ नाही" म्हणू नका. कार्ड तर लिहावंच लागतं, फक्त वेळ बदला.

आणि गाडी? जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला घरी सोडायची मोफत सोय २०११ पासून आहे. मग मांडीचं हाड मोडलेल्या आजोबांनी काय घोडं मारलंय?

लवकर सोडा म्हणजे हाकलून द्या नव्हे. जखम ओली असताना, गोळ्या नीट न समजावता पाठवलेला माणूस आठ दिवसांत परत तिथंच येतो. पुढच्या ड्रेसिंगचा निरोप गावाजवळच्या आरोग्य केंद्रात आधी पोचला पाहिजे.

आपल्या सिव्हिलच्या रुग्ण कल्याण समितीला एवढंच विचारा: काल किती जण १२ च्या आत घरी गेले? आकडा रोज दारावर लावा म्हणावं. खाटा आपोआप दिसायला लागतील.