ऐकणाऱ्यांची वही

मराठी माणसाला जोडीचे वेड जुनेच आहे. एकाने रचावे, दुसऱ्याने गावे आणि लोकांनी दोघांचे मिळून एकच नाव करून टाकावे, ही आपल्याकडची जुनी चाल. पेशवाईच्या उतरत्या काळात होनाजी शिलारखाने आणि बाळा करंजकर या दोघांनी फड गाजवला, तेव्हा लोकांनी ‘होनाजी बाळा’ असे एकच नाव त्यांना देऊन टाकले. पुढे १९५१ साली व्ही. शांताराम यांनी ‘अमर भूपाळी’ हा बोलपट काढला आणि हे नाव घरोघर पोचले. आम्ही मास्तर मंडळी ते वर्गात शिकवतो, परीक्षेत त्यावर टीपही मागतो. परंतु एखाद्या चौकस विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, की ‘सर, हा फड ऐकायला कोण बसत असे? कोठून येत? घरी जाताना काय बोलत?’ तर मास्तरांची पंचाईत होते. लावण्या उरल्या आहेत. ऐकणाऱ्यांची मात्र कोणी नोंदच ठेवली नाही.

आज या सदरात ज्या जोडीविषयी लिहावयाचे योजले आहे, तिच्या बाबतीत ही पंचाईत अजून टळण्यासारखी आहे. ही जोडी म्हणजे आनंद आणि मिलिंद शिंदे. काही वाचकांना या नावांबरोबर चित्रगुप्तांचे चिरंजीव, १९८८ च्या ‘कयामत से कयामत तक’चे संगीतकार आठवतील. ते आनंद-मिलिंद निराळे. आमचे आनंद-मिलिंद प्रल्हाद शिंदे यांचे चिरंजीव. प्रल्हादजी मंगळवेढ्याचे, २००४ साली ते वारले. विठ्ठलाची भक्तिगीते आणि भीमगीते त्यांनी एकाच भरदार आवाजात गायिली, आणि ज्या गावांत दोन वस्त्यांचे पाणवठे एक नव्हते, त्या गावांतही सकाळच्या वेळी कर्ण्यावर आवाज मात्र त्यांचाच लागत असे. तो आवाज मुलांकडे आला, आणि पुढे नातू आदर्श याच्याकडेही गेला.

वऱ्हाडात या बंधूंचा हंगाम उन्हाळ्याचा. चौदा एप्रिल ही तारीख एक आणि गावे शेकडो. तेव्हा गायकाची तारीख ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी त्या गावची जयंती. म्हणून आमच्याकडे जयंतीचे कार्यक्रम बुद्धपौर्णिमेच्याही पलीकडे लांबत जातात. कापूस विकून झालेला, गहू-हरभरा घरात आलेला, पेरणीला अवकाश. दिवसा घराबाहेर पाऊल टाकवू नये असे ऊन. तेव्हा माणूस काय तो रात्रीच माणसात येतो. अशा रात्री एखाद्या मोकळ्या मैदानात बल्ल्या ठोकून मंच उभा राहिला, कडेला फल्लीदाण्यांच्या आणि भज्यांच्या बंड्या लागल्या, म्हणजे दहा-दहा कोसांवरची माणसे सतरंज्या काखोटीला मारून येत.

बडनेरा हे जंक्शनचे गाव. रुळाच्या एका अंगाला जुनी वस्ती, दुसऱ्या अंगाला नवी वस्ती. मुंबई-नागपूर मार्गावरच्या गाड्या येथे थांबतात आणि अमरावतीचा फाटाही येथूनच निघतो. कार्यक्रम अकोल्याकडे असो की धामणगावकडे, ऐकणारे पॅसेंजरने जात आणि पहाटेच्या पॅसेंजरने परत येत. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना मी त्या दिवसांविषयी विचारले, तर ते मंचाविषयी बोलेनात. फलाटाविषयीच बोलू लागले. ‘सर, फलाटावर कोनी झोपेच ना. तिकडं कार्यक्रम संपला का इकडं आमचा सुरू. एक जन बाकड्यावर ठेका धरे, बाकीचे कोरस. स्टेशन मास्तर बी काही म्हने ना. त्याले बी ड्युटीत तेवढीच करमणूक.’

बाहेरच्या वाचकांसाठी या गाण्याची जात थोडक्यात सांगितली पाहिजे. आंबेडकरी जलशाची परंपरा भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांपासूनची. वामनदादा कर्डकांनी गावोगाव पायपीट करून तिला गाण्यांची जोड दिली. पुढे या मंचावर कव्वालीचा बाज आला. पेटी, ढोलक, बेंजो, मागे टाळ्या देणारा कोरस, आणि दोन पक्षांचा सवाल-जबाब, ज्याला सामना म्हणत. कॅसेटवर पाच-सहा मिनिटांत आटोपणारे गाणे मंचावर अर्धा-अर्धा तास चाले. मधे शेर यावा, त्याला दाद मिळावी, दाद मिळाली म्हणून तीच ओळ पुन्हा निराळ्या अंगाने घ्यावी. आणि दाद नुसती ‘वाहवा’ची नव्हे, कोणी उठून मंचापर्यंत चालत जाई आणि पाच-दहाची नोट देई. मग माईकवरून देणाऱ्याचे नाव पुकारले जाई. रसिकांनी गाण्यात वारंवार व्यत्यय आणलेला चालतो, असा हा बहुधा एकच संगीतप्रकार असावा.

या नोटांची मला पूर्वी थोडी चेष्टाच वाटत असे. जिनिंगमध्ये हमाली करून आयुष्य काढलेल्या एका वृद्धांनी तिचा अर्थ मला सांगितला. ते म्हणाले, ‘पाच रुपये देले होते, सर. तवा पाच म्हनजे लय. माईकवर नाव घेतलं. आयुष्मान म्हनून. मांगं माह्या बापाचं नाव, मंग आडनाव. गावात माह्या बापाले कोनी पुऱ्या नावानं हाक नोती मारली. त्या राती पुऱ्या मैदानानं आयकलं.’

एवढे बोलून त्यांनी विडी पेटवली आणि त्या रात्री कोणते गाणे चालले होते ते आठवू लागले. ते त्यांना आठवले नाही.

बायकांची बाजू निराळी असे; मधे दोर बांधलेला. पांढऱ्या साड्यांची ती बाजू कार्यक्रम सुरू होण्याच्या दोन तास आधीच भरे. जुन्या वस्तीतल्या एका आजीबाईंना अक्षरओळख नाही. पण महाडचे तळे १९२७ चे, पुणे करार १९३२ चा आणि नागपूरची दीक्षा १९५६ ची, हे त्या एका दमात सांगतात. ‘कोणी शिकवले?’ म्हणून विचारले, तर म्हणाल्या, ‘आमची शाळा रातीच भरे, बाप्पा. पोरगं मांडीवर झोपलेलं, पायाले मुंग्या आलेल्या, पन मी काई उठली नाई. उठलं का जागा गेली.’ इतिहासाचे माझे सहकारी सनावळ्या पाठ होत नाहीत म्हणून मुलांवर चिडतात, तेव्हा मला या आजीबाई आठवतात. जागा जाईल या भीतीने तरी आमच्या वर्गात कोणी बसून राहील काय?

आता थोडे पोपटाविषयी. ते टाळून या बंधूंविषयी लिहिणे म्हणजे आंब्याविषयी लिहून कोयीचा उल्लेख न करणे होय. ऐंशीच्या दशकात आनंद शिंदे यांचे ‘नवीन पोपट’ हे गाणे कॅसेटवर आले आणि पानठेल्यापासून लग्नाच्या वरातीपर्यंत दुसरे काही ऐकू येईना. पुढे अजय-अतुल या दुसऱ्या एका बंधुद्वयाने ‘जत्रा’ या चित्रपटात ‘कोंबडी पळाली’ हे गाणे आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांच्याकडून गाऊन घेतले, आणि शहरातल्या दिवाणखान्यांतही तो आवाज शिरला. आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत या गाण्यांचे नाव निघाले की काही भुवया अजून वर जातात. मला त्याची गंमत वाटते. ज्या शाहिरांच्या शृंगारिक लावण्यांना पूर्वीच्या सोवळ्या मंडळींनी नाके मुरडली, त्यांच्यावर प्रबंध लिहून आमच्यातल्या कित्येकांनी पदव्या मिळवल्या आहेत.

परंतु मैदानातल्या माणसांनाही हा प्रश्न पडलेला होता, आणि त्यांचा वाद आमच्या खोलीतल्या वादापेक्षा अधिक खरा होता. जयंतीच्या एका कार्यक्रमात काही पोरांनी पोपटाची फर्माईश लिहून चिठ्ठी पुढे धाडली. ती हातोहात सरकत निघाली आणि तिसऱ्या रांगेतल्या एका वडीलधाऱ्याने उघडून वाचली. ती पुढे गेलीच नाही. ‘बाबासाहेबांच्या मंडपात पोपट कायले?’ असे त्यांचे म्हणणे. चिठ्ठी लिहिणाऱ्यांपैकी एक जण आता पन्नाशी ओलांडून गेला आहे. नव्या वस्तीत त्याचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. तो अजून तावातावाने म्हणतो, ‘मंग आमी का सदा रडाचंच काय? दिवसभर इटा वाहाच्या अन् राती हासाचं बी नाई?’

मला विचाराल तर दोघांचेही बरोबर आहे. वडीलधाऱ्याला ठाऊक होते, की हा मंडप फार मोल देऊन मिळाला आहे. पोराला ठाऊक होते, की हसता येणे हाही त्या मोलाचाच भाग आहे. एकाच फडात पोवाडा आणि लावणी नांदवणाऱ्या महाराष्ट्राला हे निराळे समजावून सांगावयास नको. आणि लक्षात घ्या, दोन्ही बाजूंना गायक तेच हवे होते; भांडण होते ते त्यांनी आपल्यासाठी काय गावे याचे. ज्या गायकांवरून श्रोते असे हक्काने भांडतात, त्यांना आणखी कोणत्या मानपत्राची गरज आहे?

त्या रात्री आता तशा होत नाहीत. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री दहा ते सकाळी सहा कर्णे बंद झाले. वर्षातले काही मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळते, एवढेच. नियम वाईट नाही. मैदानाशेजारी आजारी माणूसही राहतो, परीक्षेचे पोरही राहते. पण नऊ वाजता रंगू लागणारा कार्यक्रम दहाला आवरावयाचा, म्हणजे पाने मांडून पंगत उठवण्यासारखेच झाले. मिरवणुकीत डीजेच्या भिंती आल्या. त्यांना बिदागी द्यावी लागते, पण चिठ्ठी पाठवता येत नाही, आणि त्या कोणाचे नावही पुकारत नाहीत. गंमत अशी की २०१६ च्या ‘पोश्टर गर्ल’ या चित्रपटात डीजेला आवाज वाढवण्याची शपथ घालणारे जे गाणे गाजले, तेही आनंद आणि आदर्श शिंदे या पितापुत्रांनीच गायिलेले आहे! कार्यक्रम अर्थात आजही होतात, गर्दीही लोटते. पण नोटेसाठी वर जाणाऱ्या हाताच्या जागी आता बहुतेक हातांत फोन असतो. गाणे पूर्ण टिपले जाते. टिपणारा मात्र त्यात कोठेच दिसत नाही.

आनंद आणि मिलिंद ही नावे मला नेहमी विचार करावयास लावतात. मिलिंद हा राजा भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणारा. त्यांच्या प्रश्नोत्तरांचा एक ग्रंथच झाला. बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले, त्यालाही पुढे हेच नाव मिळाले. आणि आनंद हा भगवान बुद्धांचा सदैव जवळ असणारा शिष्य. त्याची थोरवी कशात? तर त्याने सर्वांत अधिक ऐकले होते. भगवंतांच्या मागे राजगृहाला पहिली संगीती भरली, तेव्हा उपदेश कोणाजवळ लिहिलेला नव्हता. आनंदाने ऐकलेले सांगितले, आणि ते टिकले. एक विचारणारा आणि एक ऐकून ध्यानात ठेवणारा. गाणाऱ्या भावांना श्रोत्यांची नावे मिळावीत, हा योग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो.

गेली काही वर्षे मी माझ्या विद्यार्थ्यांना एक पान लिहावयास सांगतो. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने रात्रभर जागून ऐकलेला एक कार्यक्रम, त्यांच्याच शब्दांत. शिंदे बंधूंचा असो, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचा असो, की गाडगेबाबांच्या कीर्तनाची आजोबांनी सांगितलेली आठवण असो. या पानाला गुण नाहीत, म्हणून ते लिहिणारे थोडे. जे लिहितात त्यांच्या पानांत गाण्यांची नावे कमी आणि माणसे अधिक असतात. कोणाची चप्पल हरवली, कोणाचे लग्न तेथे ठरले, कोण परत येताना बंडीतच झोपी गेला आणि गावाच्या पुढे जाऊन उतरला. पाच रुपये देणारे ते वृद्ध गेल्या पावसाळ्यात वारले. त्यांच्या नातीच्या वहीत त्यांचे दीड पान आहे. तिने ते एकदा वाचून दाखवले, तेव्हा त्यांचे नाव तिने वडिलांच्या नावासकट, मागे ‘आयुष्मान’ लावून वाचले.

वाचकहो, दिवाळीत घरे भरलेली असतात. फराळाचे ताट पुढे ठेवून आपल्या घरातल्या सत्तरी गाठलेल्या माणसाला एकदा विचारून पाहा, की तुम्ही रात्रभर जागून काय ऐकले होते, कोणाबरोबर गेला होता आणि कशाने परत आलात. गाण्याचे शब्द त्यांना आठवले नाहीत तर आग्रह करू नका. ते कॅसेटवर सापडतील. बाकीचे तेवढे लिहून ठेवा.