बेलापूरला एक दर, खारघरला दुसरा: लिटरमागे भरलेला कर नक्की जातो कुठे?

सायन-पनवेल महामार्गावर बेलापूर मागे पडलं की खारघर लागतं. मध्ये ना नाका, ना चौकी. दोन्हीकडे सिडकोचीच वसाहत, आणि बोलताना दोन्हीकडचे लोक 'नवी मुंबईला राहतो' असंच सांगतात. पण ३० जून २०२४ पर्यंत या दोन ठिकाणी डिझेलवर राज्य सरकारचा कर वेगवेगळा होता. बेलापूरला २४ टक्के, खारघरला २१ टक्के. पेट्रोलवर अनुक्रमे २६ आणि २५ टक्के.

कारण साधं होतं. कराच्या नियमात बृहन्मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या महापालिकांच्या हद्दीतल्या पंपांसाठी वेगळा, चढा दर होता. बेलापूर नवी मुंबई महापालिकेत येतं. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हा भाग १ ऑक्टोबर २०१६ ला स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत येतो. लोकांच्या तोंडी काहीही असो, कागदावर पनवेल 'उर्वरित महाराष्ट्रा'त होतं.

फरक किती? डिझेलला लिटरमागे साधारण दोन रुपये. एखाद्या ट्रकने ३०० लिटर डिझेल भरलं, तर हद्दीच्या अलीकडे की पलीकडे एवढ्यावरच सुमारे ६०० रुपये इकडचे तिकडे. कळंबोलीचा लोखंड बाजार, तळोजा एमआयडीसी आणि उरणकडे जेएनपीएच्या बंदरात जाणारी वाहतूक ज्या पट्ट्यातून होते, तिथे हा आकडा किरकोळ नाही.

२८ जून २०२४ ला राज्याच्या अतिरिक्त अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी हा फरक मिटवला. १ जुलैपासून मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतही पेट्रोलवर २५ टक्के अधिक लिटरमागे ५ रुपये १२ पैसे, आणि डिझेलवर २१ टक्के कर झाला. या तीन शहरांत पेट्रोल सुमारे ६५ पैशांनी आणि डिझेल सुमारे २ रुपये ७ पैशांनी स्वस्त होईल, राज्याच्या तिजोरीवर २०० कोटींचा भार पडेल, असं तेव्हा सांगितलं गेलं. पनवेलकरांना यातून एक पैसाही मिळाला नाही, कारण त्यांचा दर आधीपासूनच तोच होता.

पण एवढ्या एका बदलातून एक गोष्ट कळते. पेट्रोलच्या किमतीत कर किती, हे फक्त 'सरकार' नावाच्या एका माणसावर ठरत नाही. कर कोण लावतं, कशावर लावतं आणि त्याला नाव काय देतं, या तीन गोष्टींवर ते ठरतं.

लिटरमध्ये कोणाचे किती?

एप्रिल २०२५ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार हिशेब मांडूया. केंद्र सरकार तेव्हा पेट्रोलवर लिटरमागे २१ रुपये ९० पैसे उत्पादन शुल्क घेत होतं, डिझेलवर १७ रुपये ८० पैसे. हा कर 'प्रति लिटर' आहे. कच्चं तेल महाग होवो की स्वस्त, केंद्राला लिटरमागे तेवढेच मिळतात.

राज्याचा कर म्हणजे व्हॅट. तो टक्केवारीत आहे. तेल कंपनी पंपचालकाला ज्या भावाने माल देते, त्या भावावर तो लागतो, आणि त्या भावात केंद्राचं शुल्क आधीच मिसळलेलं असतं.

समजा, कंपनीने पंपचालकाला पेट्रोल केंद्राच्या शुल्कासह ७५ रुपये लिटरने दिलं. त्याचे २५ टक्के म्हणजे १८ रुपये ७५ पैसे. त्यात ५ रुपये १२ पैसे मिळवले की राज्याचा कर होतो २३ रुपये ८७ पैसे. केंद्राचे २१ रुपये ९० पैसे धरले तर एकूण कर ४५ रुपये ७७ पैसे. वर पंपचालकाचं कमिशन लागून भाव १०३ रुपयांच्या आसपास जातो.

म्हणजे या दरांनी स्कूटरमध्ये पाच लिटर पेट्रोल भरलं की साधारण २२९ रुपये कर भरून झालेला असायचा.

यात आणखी एक मेख आहे. ७५ रुपयांत केंद्राचे २१ रुपये ९० पैसे आहेत आणि राज्य त्यावरही २५ टक्के घेतं. म्हणजे सुमारे साडेपाच रुपये हा निव्वळ 'करावरचा कर' आहे.

मग २०२२ मध्ये नक्की कोणी कपात केली?

टक्केवारीचा हा कर कसा चालतो, हे मे २०२२ मध्ये छान दिसलं. २१ मे २०२२ ला केंद्राने पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क ८ रुपयांनी आणि डिझेलवरचं ६ रुपयांनी कमी केलं. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्र सरकारने जाहीर केलं की राज्यही पेट्रोलवरचा व्हॅट २ रुपये ८ पैशांनी आणि डिझेलवरचा १ रुपया ४४ पैशांनी कमी करत आहे.

आता मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर काढा. ८ रुपयांचे २६ टक्के किती? २ रुपये ८ पैसे. ६ रुपयांचे २४ टक्के किती? १ रुपया ४४ पैसे.

२६ आणि २४ टक्के हे तेव्हाचे मुंबई-ठाणे-नवी मुंबईचे व्हॅटचे दर. म्हणजे जाहीर झालेले आकडे, केंद्राने शुल्क घटवल्यावर राज्याचा कर गणितानेच जेवढा कमी होतो, त्याच्याशी पैशापैशाला जुळतात. दराच्या टक्केवारीला हात लावावा लागत नाही. आणि २५ व २१ टक्के दर असलेल्या पनवेलसाठी याच गणिताचं उत्तर २ रुपये आणि १ रुपया २६ पैसे येतं.

राज्याने स्वतःच्या दराला हात लावून केलेली कपात त्यानंतर आली, १४ जुलै २०२२ ला. एकनाथ शिंदे सरकारने पेट्रोल ५ रुपयांनी आणि डिझेल ३ रुपयांनी स्वस्त केलं. वर्षाला ६ हजार कोटींचा भार पडेल, असं तेव्हा सांगण्यात आलं. पेट्रोलवरचा लिटरमागचा अधिभार १० रुपये १२ पैशांवरून ५ रुपये १२ पैशांवर आला तो इथे.

हा अधिभार टप्प्याटप्प्याने वाढत गेला होता. २०१५ मध्ये राज्यात दुष्काळ होता, तेव्हा पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये वाढवले गेले. १ जून २०२० ला लॉकडाऊनमध्ये महसूल आटला, तेव्हा आणखी २ रुपये वाढले. संकट आलं की सरकारला पेट्रोल आठवतं, कारण इथे वसुली सोपी आहे. कर हजारो पंपांवर गोळा करावा लागत नाही, मोजक्या तेल कंपन्यांकडूनच तो जमा होतो.

शुल्क कमी-जास्त होतं, भाव मात्र हलत नाही. असं कसं?

८ एप्रिल २०२५ पासून केंद्राने पेट्रोल आणि डिझेल दोन्हींवर लिटरमागे २ रुपये शुल्क वाढवलं. पंपावरचा भाव मात्र बदलला नाही. मे २०२० मध्ये तर पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये एका झटक्यात वाढले, तेव्हाही पंपावर लगेच फरक दिसला नाही.

दोन्ही वेळा जागतिक बाजारात कच्चं तेल उतरलं होतं. तेल स्वस्त झाल्याचा जो फायदा गाडीवाल्याला मिळू शकला असता, ती जागा शुल्काने भरून काढली. भाव वाढला नाही हे खरं. तो कमीही झाला नाही, हेही तेवढंच खरं.

केंद्राकडे गेलेल्या पैशातलं महाराष्ट्राला काय मिळतं?

इथे 'नाव काय दिलंय' हा मुद्दा येतो. एप्रिल २०२५ च्या दरांतले पेट्रोलवरचे केंद्राचे २१ रुपये ९० पैसे म्हणजे एक कर नव्हता. त्यात चार तुकडे होते:

- मूळ उत्पादन शुल्क: १ रुपया ४० पैसे
- विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क: १३ रुपये
- कृषी पायाभूत सुविधा उपकर: २ रुपये ५० पैसे
- रस्ते व पायाभूत सुविधा उपकर: ५ रुपये

राज्यघटनेच्या कलम २७० नुसार केंद्राच्या करांतला ठरावीक हिस्सा राज्यांना द्यावा लागतो. पण उपकर आणि अधिभार त्यातून वगळलेले आहेत. म्हणजे या चार तुकड्यांतला पहिलाच, १ रुपया ४० पैशांचा, वाटपात येतो.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांचा हिस्सा ४१ टक्के ठरवला. १ रुपया ४० पैशांचे ४१ टक्के म्हणजे सुमारे ५७ पैसे. हे सगळ्या राज्यांचे मिळून. त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के होता. ढोबळ हिशेबाने लिटरमागे साडेतीन पैसे.

हे आकडे कायम असेच नव्हते. फेब्रुवारी २०२१ पर्यंत पेट्रोलवरचं मूळ शुल्क २ रुपये ९८ पैसे होतं. त्या वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात कृषी उपकर नव्याने आला आणि मूळ शुल्क १ रुपया ४० पैशांवर उतरलं. ग्राहकासाठी एकूण शुल्क जवळपास तेवढंच राहिलं: आधी ३२ रुपये ९८ पैसे, नंतर ३२ रुपये ९० पैसे. पण राज्यांमध्ये वाटायची रक्कम निम्म्याहून कमी झाली.

याची दुसरी बाजूही आहे. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये केंद्राने पेट्रोलवर मिळून १३ रुपयांची कपात केली, ती रस्ते उपकरातून. तो १८ रुपयांवरून ५ रुपयांवर आला. त्यामुळे त्या कपातीत राज्यांच्या वाट्याला धक्का लागला नाही, असं केंद्राने सांगितलं आणि ते बरोबर होतं. उपकर वाढला तेव्हा राज्यांना त्यातलं काही मिळालं नव्हतं आणि घटला तेव्हा त्यांचं काही गेलं नाही.

आणि पनवेलला?

राज्याने गोळा केलेला व्हॅट राज्याच्या एकत्रित निधीत जातो. तिथून तो पगार, निवृत्तिवेतन, कर्जाचं व्याज, योजना, शाळा, दवाखाने, रस्ते या सगळ्यांवर खर्च होतो. अमुक पंपावरचा कर अमुक गावाच्या रस्त्यासाठी, असा हिशेब कुठे ठेवला जात नाही. पनवेलच्या पंपांवर कितीही पेट्रोल खपलं, तरी पनवेल महापालिकेला लिटरमागे ठरलेला वाटा नाही. तिचा स्वतःचा मोठा आधार मालमत्ता कर.

'रस्त्यासाठी' म्हणून नाव असलेला पैसा एकच, केंद्राचा ५ रुपयांचा रस्ते व पायाभूत सुविधा उपकर. तोही आधी केंद्राच्या एकत्रित निधीत जातो आणि तिथून संसदेच्या मंजुरीने केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधीत. २०१८ मध्ये कायदा बदलल्यापासून या निधीतून रस्त्यांखेरीज इतर पायाभूत कामांनाही पैसा देता येतो.

त्यामुळे 'एवढा कर भरतो, मग खड्डे का?' या प्रश्नाचं उत्तर पनवेलमध्ये रस्त्यागणिक बदलतं. मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६, पनवेलपासून सुरू होतो आणि तो केंद्राचा विषय आहे. त्यातल्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या रुंदीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि पुढे वर्षानुवर्षं रखडलं. सायन-पनवेल महामार्ग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. कळंबोलीहून सुटणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग एमएसआरडीसीचा, तिथे इंधनावरचा कर भरूनही टोल वेगळा. आणि सोसायटीसमोरचा रस्ता महापालिकेचा किंवा सिडकोचा, जिथे तुमच्या पेट्रोलच्या कराचा थेट संबंधच नाही.

जीएसटीत आणलं तर?

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा पेट्रोल, डिझेल, कच्चं तेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचं इंधन बाहेर ठेवलं गेलं. ते कधी आत घ्यायचे, याची शिफारस जीएसटी परिषदेने करायची आहे. १७ सप्टेंबर २०२१ ला लखनऊच्या बैठकीत केरळ उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे हा विषय आला आणि 'आत्ता ती वेळ नाही' म्हणत बाजूला ठेवला गेला.

कारण उघड आहे. जीएसटीनंतर राज्यांच्या हातात स्वतः दर ठरवता येतील असे मोजकेच कर उरले, आणि इंधनावरचा व्हॅट त्यातला मोठा. तो सोडला, तर दुष्काळ किंवा लॉकडाऊनसारख्या वेळी हात घालायला राज्याला खिसा उरत नाही. केंद्रालाही उपकर हवा आहे, कारण तो वाटावा लागत नाही. भाषणात दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात, पण आहे ती व्यवस्था दोघांनाही सोयीची आहे.

पुढच्या वेळी बातमी आली की हे तपासा

'पेट्रोल स्वस्त' किंवा 'शुल्क वाढलं' अशी पोस्ट फिरायला लागली की पुढे ढकलण्याआधी तीन प्रश्न विचारा.

एक, बदल केंद्राने केलाय की राज्याने? दोन, तो रुपयांत आहे की टक्क्यांत? केंद्राने रुपये कमी केले, तर राज्याचा कर आपोआप थोडा उतरतो, त्याचं श्रेय वेगळं घ्यायची गरज नाही. तीन, मूळ शुल्क बदललंय की उपकर? मूळ शुल्क असेल तर राज्याच्या वाट्यावर परिणाम होतो, उपकर असेल तर नाही.

आणि रस्त्याची तक्रार करायची असेल, तर आधी तो रस्ता कोणाचा ते शोधा. तुम्ही भरलेल्या करावर तुमच्या गावाचा पत्ता लिहिलेला नसतो. रस्त्याची जबाबदारी कोणाची, हे मात्र कागदावर असतं, आणि जाब त्यांनाच विचारता येतो.