चित्र बोललं पाहिजे!



आठवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, ‘एलिमेंटरीत मला ए ग्रेड मिळाली. मला चित्रकार व्हायचंय. पण बाबा म्हणतात, चित्रं काढून कुणाचं काय भलं होणार?’

बाबांचा प्रश्न रास्त आहे बरं का! त्याचं उत्तर आपण एका चित्रातच शोधू या.

समजा, तुम्हाला एक काम मिळालं. बाळाला जुलाब झाले, तर मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते चित्रांतून दाखवा. शब्द एकही नको, कारण बाळाच्या आईला वाचता येत नाही. प्रमाण ठरलेलं आहे : १ लिटर स्वच्छ पाणी, ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

सोपं वाटलं ना? मग सांगा, ‘सपाट’ चमचा कसा काढाल? वरून दिसणारा काढलात, तर सपाट आणि शिगोशीग यांतला फरक कळतच नाही. तो बाजूनंच काढायला हवा. साखर पांढरी, मीठही पांढरं! ती वेगळी कशी ओळखू येणार? इथं घोटाळा झाला आणि मीठ जास्त पडलं, तर बाळाला अपाय होईल. मग तुमचं शेडिंग कितीही सुरेख असो, काय उपयोग?

यालाच इलस्ट्रेशन म्हणतात. पाठ्यपुस्तकं, गोष्टी, जाहिराती, दवाखान्यातले तक्ते, सगळीकडे ते लागतं. हे काम करणारा आधी मजकूर नीट वाचतो. मग छोटी छोटी कच्ची रेखाटनं करतो, ती दुसऱ्याला दाखवतो, चुकलेलं खोडतो. रंग सर्वांत शेवटी!

हे रीतसर शिकता येतं. एलिमेंटरीनंतर इंटरमिजिएट द्या. बारावीनंतर सीईटी देऊन उपयोजित कलेचा चार वर्षांचा बी.एफ.ए. करता येतो. मुंबईचं जे.जे. स्कूल ऑफ आर्ट तर १८५७ पासूनचं! मात्र पाहणाऱ्याचा विचार करायला आजपासूनच शिका.

तर, या आठवड्याचा उद्योग : मीठ-साखरेच्या पाण्याची चार चित्रं काढा. ती आईबाबांपुढे ठेवा आणि तोंडातून अक्षरही काढू नका. काय समजलं, ते त्यांनाच सांगू द्या. प्रमाण चुकलं, तर रागावू नका हं! चूक त्यांची नाही, चित्राची आहे. पुन्हा काढा.

आणि बरोबर सांगितलं, तर बाबांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालंच की!