वेलीवरचे अन्न बांधावर जाऊ नये

श्रावण सरत आला की सातारा-सांगलीकडील परसात व मांडवावर दुधी, दोडका, काकडी यांची एकच दाटी होते. बाजारात आवक वाढून भाव उतरतो, तोडणीची मजुरीही सुटत नाही आणि माल बांधावर टाकला जातो. त्याच शेतकऱ्याच्या घरी मात्र दोन्ही वेळा भाकरी आणि ठेचा! हे योग्य नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रौढ माणसास दररोज सुमारे ४०० ग्रॅम भाजीची शिफारस केली आहे. पिकविणाराच तिला का मुकावा?

‘रोज तीच भाजी’ ही घरातील तक्रार रास्त आहे. म्हणून भाजी न बदलता पदार्थ बदलावा. दुधी किसून, सुटलेल्या पाण्यातच ज्वारीचे व बेसनाचे पीठ भिजवून थालीपीठ लावावे. दोडक्याच्या शिरा न टाकता तीळ व सुक्या खोबऱ्यासह परतून चटणी करावी. काकडीच्या कोशिंबिरीस शेंगदाण्याचे कूट घालावे.

फळे कोवळीच तोडावीत. ती जून होऊ दिल्यास वेलीस नवी फळे कमी लागतात. मात्र दुधीचा कच्चा तुकडा आधी जिभेला लावून पाहावा. कडू लागल्यास तो थुंकून सबंध फळ टाकून द्यावे. त्यातील विष शिजवूनही जात नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी महिला बचत गटांच्या बैठकीत हे पदार्थ प्रत्यक्ष करून दाखवावेत. बाजारभाव आपल्या हाती नाही. घरचे ताट निश्चितच आहे.